धाकटीच्या घरचा कॉम्प्युटर

१ जुलै

आज पुतण्याने माझा अपमान केला आणि वर माझ्याच कपातून चहा पिऊन गेला. लिहून ठेवलं नाही तर रक्तदाब वाढेल.

समोरच्या घरात माझी धाकटी जाऊ राहते. दोघा भावांनी एकाच मजल्यावर समोरासमोर घरं घेतली. ते दोघे गेले, आता दोन दारांआड आम्ही दोघी. गेल्या आठवड्यात धाकटीचा कॉम्प्युटर बंद पडला. त्यावरूनच ती रोज मुलाशी बोलते, बँकेचं बघते, जुन्या शिवणवर्गातल्या बायकांना कटिंगचे नमुने पाठवते. नेमका त्याच वेळी फोन चार्ज करायचा राहिला. दोन दिवस आई दिसली नाही म्हटल्यावर पुतण्या दुसऱ्या शहरातून बॅग घेऊन हजर. आई पडद्याला टीप मारत बसली होती.

"आई, हे असं चालायचं नाही. तू माझ्याकडे चल. कायमची."

"चहा घेणार ना?" धाकटी म्हणाली. साखर तिच्याकडे संपली होती, म्हणून चहा माझ्याकडे झाला, आणि म्हणूनच मी या प्रकरणात आहे.

मी म्हटलं, "मशीन बंद पडलं तर मशीन दुरुस्त करतात. माणूस उचलून नेत नाहीत."

"कोण करणार दुरुस्त, काकू? दुकानवाला आठवडा लावतो. पुन्हा बंद पडलं तर?"

"मी करीन."

तो हसला. तोंडाने नाही, नाकाने. "तुम्ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुपरवायझर होतात, मान्य. पण हे काही बोर्डात खुंट्या घालायचं काम नाही. रीतसर शिकावं लागतं."

"मग रीतसर शिकेन."

"शिका. पास झालात तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. नाही झालात तर आई माझ्याबरोबर येणार."

मी कबूल म्हटलं. धाकटी बशीत बिस्किटं मांडत होती.

कुणी असा समज करून घेऊ नये की ती गेली तर माझं काही अडणार आहे. ती फार बोलते, दार आपटते, आणि मला न विचारता माझ्या कुंड्यांना पाणी घालते. प्रश्न तत्त्वाचा आहे.

४ जुलै

कॉलेजात जाऊन आले. कॉम्प्युटर हार्डवेअर, देखभाल आणि नेटवर्किंगची तोंडओळख, संध्याकाळचे वर्ग, सप्टेंबरअखेर परीक्षा.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "नातवाची ॲडमिशन का?"

"माझी."

त्याने मान वर केली. "वयाची अट नाहीये तशी, पण..."

"पण काय?"

"काही नाही. इथे सही करा."

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अर्धं वाक्य सोडून देणाऱ्या मुलीला सिस्टर उभं करून पूर्ण करायला लावत. खिडकीला काच होती म्हणून वाचला.

९ जुलै

पहिला वर्ग. प्रयोगशाळा म्हणजे लांबलचक टेबलं आणि त्यांवर एका बाजूचा पत्रा काढलेले कॉम्प्युटर, दवाखान्यात शर्ट वर करून बसलेल्या रोग्यांसारखे. सर तिशीतले, बोलतात घाईघाईने, जणू बस चुकणार आहे. माझ्या शेजारी बसते तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीन सारखी बिघडतात आणि मेकॅनिक नखरे करतो म्हणून ती शिकायला आली. या वर्गात मला धरून शहाणं कारण असलेल्या आम्ही दोघीच.

आज शिकले: आधी स्विच बंद, मग वायर भिंतीतून काढायची, मग पेटीच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. त्यानंतरच आत हात.

घरी येऊन धाकटीला सांगितलं. सांगितलं म्हणजे तिने विचारलं म्हणून. दुकानवाल्याने तिचं मशीन एकदाचं परत आणून दिलंय. ते उघडून मी तिला कुठे काय असतं ते दाखवलं. ती टॉर्च धरून उभी होती. "आणि वहिनी, हे लांबट काय? हे निघतं का?" असले प्रश्न. मी म्हटलं, निघतं, पण तू हात लावू नकोस.

१७ जुलै

काल वर्गात रॅम शिकलो. ती लांबट पट्टी. दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवायचं, पुन्हा सरळ दाबून बसवायची, दोन्ही खिट्ट्या टक् वाजल्या पाहिजेत. नीट बसली नसेल तर मशीन लांब लांब शिट्ट्या मारतं.

आज संध्याकाळी धाकटी दारात. "वहिनी, माझं मशीन शिट्ट्या मारतंय."

गेले. पत्रा काढला तर एक खिट्टी सताड उघडी. मी सरांच्या पद्धतीने सगळं केलं आणि मशीन सुरू झालं. मला बरं वाटलं हे नाकारत नाही. पण खिट्टी आपोआप उघडतेच कशी? समोरच्या रस्त्यावरून ट्रक जातात, त्याच्या हादऱ्याने असणार. दुकानवाल्याने कसलं मशीन गळ्यात मारलंय कोण जाणे.

"किती पटकन केलंत," धाकटी म्हणाली. ही बाई मला गेल्या वीस वर्षांत एकदाही चांगलं म्हणालेली नाही. मशीनपुढे सगळेच वाकतात.

३० जुलै

हार्ड डिस्कच्या वायरी शिकून आठवडा झाला नाही तोच धाकटीच्या मशीनच्या पडद्यावर पांढरी अक्षरं: डिस्क सापडत नाही. आत पाहिलं तर चपटी वायर निघून लोंबतेय. उंदीर असणार असं मी म्हटलं. धाकटी म्हणाली, "हो ना, असेल बाई," आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. तिच्या मशीनच्या आत धुळीचा कण नाही. सर सांगतात की घरगुती पेटी उघडली की आधी शिंक येते. मी विचारलं तर म्हणते, शिलाई मशीनच्या ब्रशने पुसते कधी कधी. "बाहेरून," असंही म्हणाली.

१३ ऑगस्ट

आज नेटवर्कची वायर बनवली. आत रंगीत आठ तारा, त्यांचा क्रम ठरलेला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, आणि पुढे. तारा एका रांगेत सरळ करायच्या, टोकं एकसारखी कापायची, पारदर्शक टोपीत सरकवायच्या आणि पकडीने दाबायचं. मग तपासणीच्या डबीवर दिवे क्रमाने लागले पाहिजेत. माझा तिसरा दिवा लागेना. सर म्हणाले, पुन्हा. पुन्हा केलं. मग पाचवा लागेना. झेरॉक्सवालीचे सगळे लागले. मी तिच्याशी अर्धा तास बोलले नाही.

सरावासाठी पकड आणि डबी घरी आणली होती, तेव्हा धाकटीला उरलेला वायरीचा तुकडा दाखवला. तिने तारा सुईत दोरा ओवावा तशा बोटांत धरून एका झटक्यात सरळ केल्या. "ओल्या बोटाने नाही करायचं, वहिनी, नखाने करायचं." मी म्हटलं, हा काय शिवणवर्ग आहे का? तसं नखाने केलं मात्र. सगळे दिवे लागले.

१६ ऑगस्ट

धाकटीचं इंटरनेट गेलं. भिंतीपासून मशीनपर्यंतच्या वायरीचं टोक कापलेलं. स्वच्छ, कात्रीने कापल्यासारखं. उंदराचे दात इतके सरळ असतात हे मला माहीत नव्हतं.

नवीन टोपी बसवून दिली. सुरू झालं. तेवढ्यात पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. "काय काकू, अभ्यास कसा चाललाय?" मी म्हटलं, "तू नोकरी सांभाळ." तो म्हणाला, "आई, मी तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतोय." धाकटी म्हणाली, "कुठला रंग?" बस्स, एवढंच. जायला निघाल्यासारखी. मी तिला काही बोलले नाही. जिला रंगाचीच काळजी तिच्याशी काय बोलायचं.

३ सप्टेंबर

वर्गातून उठून आले. नाइलाजाने.

आज सरांनी एक जुनं, जड मशीन टेबलावर उचलून ठेवायला सांगितलं. मी पुढे झाले. सर म्हणाले, "राहू द्या आजी, तुम्ही नुसतं बघा." सगळा वर्ग हसला. मी पर्स उचलली, खुर्ची आत सरकवली, कारण कुठूनही निघताना खुर्ची आत सरकवायची असते, आणि बाहेर पडले.

रात्री झेरॉक्सवालीचा फोन आला. "अहो, तुम्ही गेल्यावर सरांनी परीक्षेचं सगळं समजावून सांगितलं. प्रॅक्टिकल कसं असतं ते. सांगू का?"

मी म्हटलं, "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी परीक्षा देतेय. आणि मी त्यांची आजी नाही."

"बरं बाई," ती म्हणाली.

१२ सप्टेंबर

सरांनी मला आज "मॅडम" म्हटलं. मी परीक्षेबद्दल काही विचारलं नाही. गरज नव्हती. धाकटीच्या मशीनने एवढ्या महिन्यांत मला जे शिकवलं ते कुठल्या कॉलेजने शिकवलं नसतं. तारीख मागे जाते, पंखा फिरत नाही, पडदा काळा राहतो, बटण दाबलं तरी ढिम्म. सगळं होऊन गेलंय तिचं. असं रोगट मशीन मी पाहिलं नाही. ती मात्र कधी कुरकुरत नाही. मी आत हात घातला की स्टूल ओढून जवळ बसते आणि चहा थंड होईपर्यंत बघत राहते.

आज तिला म्हटलं, "तू गेलीस की हे मशीन भंगारात द्यायला लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी काय मशीन आहे?"

ती हसली नाही. कपबशा घेऊन आत गेली. काय लागलं तिला कोण जाणे.

२८ सप्टेंबर

आजचं सगळं नीट लिहिते, कारण उद्या लोक काहीही सांगतील.

परीक्षा दहाला. मी सव्वानऊलाच पोचले. शिपायाने प्रयोगशाळा उघडून दिली आणि तो पाणी भरायला गेला. मी माझ्या मशीनचं बटण दाबलं. ढिम्म. शेजारचं दाबलं. शिट्ट्या. त्याच्या पुढचं चालू झालं पण डिस्क सापडेना. ओळीतलं एक मशीन धड चालेल तर शपथ. परीक्षेच्या दिवशी ही अवस्था. आदल्या बॅचने कुठे हात घालून ठेवला होता देव जाणे. मी असल्या वेळी हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतली नाही. पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि कोपऱ्यापासून सुरुवात केली. रॅम, वायरी, बटणाच्या पिना, नेटवर्कचं टोक. पाहिलं की कळत होतं. धाकटीच्या घरी हे सगळं होऊन गेलेलं. दहाला सर आले तेव्हा मी शेवटच्या मशीनचा पत्रा लावत होते.

सरांनी एक बटण दाबलं. मशीन सुरू झालं. दुसरं दाबलं. तेही. मग ते ओळीने बटणं दाबत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"कुणी हात लावला?"

"मी. आभार मानायची गरज नाही."

"मॅडम," ते खुर्चीत बसून म्हणाले, "काल मी अख्खी दुपार बसून प्रत्येक मशीनमध्ये बिघाड घातला होता. तीच परीक्षा होती."

कुणी हसलं नाही. झेरॉक्सवालीने कपाळाला हात लावला.

त्यानंतर प्राचार्यांची खोली. नियम असा की परीक्षकासमोर केलेलं तेवढंच धरतात. परीक्षेआधी मशीनला हात लावला म्हणून माझा निकाल राखून ठेवला. फेरपरीक्षा नोव्हेंबरात. मी म्हटलं, "तुमची बंद मशीनं मी चालू करून दिली आणि दोषी मीच?" प्राचार्य म्हणाले, "नियम आहे." या वाक्यावर कुणाचं काही चालत नाही हे नोकरीत मी इतरांना पुष्कळदा दाखवून दिलं आहे.

बाहेर सर माझ्यामागे आले. "कडेच्या मशीनमध्ये दोन बिघाड होते."

"दोन्ही काढले."

"एवढा सराव कुठे केलात?"

"समोरच्या घरी. जावेचं मशीन अगदी टाकाऊ आहे. वर्गात जे शिकावं ते त्याच आठवड्यात बिघडतं."

"त्याच आठवड्यात?"

"न चुकता."

सर पहिल्यांदाच हसले. मग म्हणाले, "तुमच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा." आता यात तिचा काय संबंध?

२९ सप्टेंबर

धाकटीला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, "म्हणजे पास नाही झालात."

"राखून ठेवलाय. नापास नाही."

"त्याला तेवढा फरक नाही कळायचा, वहिनी. पाच तारखेला येतोय तो."

तिने शिलाई मशीनवर झाकण घातलं. मी परत आले. कुंड्यांना पाणी घातलेलं होतं. आज रागावले नाही.

५ ऑक्टोबर

पुतण्या आला. सोबत मोठी रिकामी बॅग.

"काकू, सर्टिफिकेट?"

"राखून ठेवलंय."

"कुणी?"

"प्राचार्यांनी."

तो काय समजायचं ते समजला. आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त राग आला. "काकू, तुम्ही मनापासून प्रयत्न केलात. पण ठरलं होतं."

धाकटी मध्येच म्हणाली, "निघायच्या आधी मला मेल बघायचे आहेत. मशीन चालू होत नाहीये पण. वहिनी, बघता?"

मी म्हटलं, आजचाच दिवस सापडला याला. पण मनातून बरं वाटलं. म्हटलं, बघू दे याला सर्टिफिकेट म्हणजे काय ते. स्विच बंद, वायर बाहेर, पत्र्याला हात. पुतण्या हाताची घडी घालून उभा. मशीन चालू केलं तर पंखे फिरतात, पण पडदा काळा आणि शिट्टीही नाही. रॅम काढली, घासली, बसवली. काळा. पडद्याची वायर बदलली. काळा. डिस्क, बटणाच्या पिना, मोठी वायर, सगळं वर्गातल्या क्रमाने. काळाच. पडदा आधीही काळा राहिला होता, पण इतका हट्टी कधी नव्हता. मी दोन्ही हात पेटीत आणखी खोल घातले.

"वहिनी, त्या पंख्याजवळ..." धाकटी म्हणाली.

"तू थांब."

पुन्हा रॅम. पुन्हा काळा. पुतण्या घड्याळ बघून म्हणाला, "राहू दे काकू. आई, तू कपडे भरायला घे."

धाकटी उठली. बॅगेकडे नाही, माझ्याकडे आली. मला हळूच बाजूला केलं, वायर भिंतीतून काढली, पत्र्याला हात टेकवला, आणि मोठ्या पंख्याच्या मागे दोन बोटं घातली. तिथे एक छोटी चौकोनी वायर होती, चार पिनांची, पंख्याच्या सावलीत. तिने न बघता ती दाबून बसवली. टक् झालं. वायर पुन्हा भिंतीत, बटण दाबलं, पडदा उजळला.



"आई, तुला कसं कळलं?"

"तुझ्या काकू शिकवतात. मी बघते."

"मग तू हे स्वतः करू शकतेस?"

"जमतं आता."

"मग मला आधी का नाही सांगितलंस? मी खोली रंगवली, रजा घेतली..."

"तू मला विचारलंस का?" धाकटी म्हणाली. आवाज नेहमीचाच होता. "तू ठरवलंस, काकूंनी पैज लावली. मी चहा केला. मला यायचंय का हे दोघांपैकी एकाने तरी विचारलंत?"

पुतण्याने माझ्याकडे बघितलं. मी पेटीचा पत्रा लावायला घेतला. स्क्रू सापडत नव्हता.

"यायचंय का, आई?" तो म्हणाला.

"नाही. सुट्टीत येईन. खोली छान झाली असेल, तुझ्या सासूबाईंना दे."

तो जेवून गेला. बॅग रिकामीच नेली. जाताना मला म्हणाला, "काकू, तुम्ही खरंच चांगलं शिकवलंत."

ते खरंच आहे. मुळात ऐकून ऐकून तिच्या लक्षात राहिलं, कारण मी स्पष्ट सांगते. आणि नजर तिची सुईवाली, बारीक.

९ ऑक्टोबर

चार दिवस धाकटीच्या मशीनला काही झालेलं नाही. शिट्टी नाही, काही नाही. आज संध्याकाळी मला तिच्याकडे जायचं काही कारण नव्हतं.

कॉलेजातून नव्या बॅचचा फॉर्म घेऊन आले होते. एवढं जमतंय तर हिनेही रीतसर शिकावं, दोघी बरोबर जाऊ, माझी फेरपरीक्षाही होईल. तिचं नाव लिहायला पेन उचललं. मग ठेवलं, आणि समोर जाऊन विचारलं. रीतसर.

"तुला कॉलेजात यायचंय का?"

ती शिवत होती. तोंडात टाचणी होती, ती काढून आधी माझ्याकडे बघितलं, मी खरंच विचारतेय का ते.

"नको, वहिनी."

"का? हात चांगला आहे तुझा."

"कंटाळा येईल मला. तिथे बिघाड सर घालणार."

"मग काय झालं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि टाचणी पुन्हा तोंडात धरली.

मी म्हटलं, हिच्या बोलण्याला शेंडा ना बुडखा, आणि घरी आले. इथे बसून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. आता ते पुन्हा वाचते आहे. खिट्टी, चपटी वायर, कात्रीने कापलेलं टोक, आणि पाच तारखेची ती चौकोनी वायर, जी तिने न बघता बसवली.

उठते. या बाईला दोन शब्द सुनावल्याशिवाय मला आज जेवण जायचं नाही.